लाल्याचं वर्तुळ

नंदुरबारला नवीन आलेला माणूस सीझनमध्ये आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते. लांबून बघितलं तर कुणीतरी जमिनीवर लाल गालिचा अंथरलाय असं वाटतं. ड्रोन शॉट भारी येतो, रीलला लाइक्सही मिळतात. आम्हीही काढलेत. अशाच एका रीलच्या कोपऱ्यात, मिरचीच्या ढिगामागे, एक तपकिरी ठिपका दिसत होता. तीन महिने त्या रस्त्याने कॉलेजला जाऊनही तो ठिपका म्हणजे कुत्रा आहे हे आम्हाला कळलं नव्हतं, कारण तो भुंकायचाच नाही.

मार्च उजाडला, माल उचलला गेला, पथारी रिकामी झाली. मग तो दिसला. जमिनीत ठोकलेली लोखंडी खुंटी, तिला चारेक फुटांची साखळी आणि साखळीच्या टोकाला हा. डोळे पिवळट, पाणावलेले. अंगाला लूत. त्याच्याभोवती मातीत एक गोल उमटलेला, बैल फिरून घाण्याभोवती उमटतो तसा. गळ्यात पट्टा नव्हता. तार होती. पण ती दिसत नव्हती, कारण ती आत गेली होती.

पथारीवर राखणीला असलेले आप्पा वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगतो. स्वतःच्या डब्यातली भाकर तेच त्याला टाकायचे. बांधलं कुणी, कधी, तेही त्यांना माहीत नव्हतं. "मी ऊनू तवय पासून शे," एवढंच म्हणाले. आम्ही नेऊ का विचारल्यावर हात झटकून म्हणाले, "लई जाय रे भाऊ. सीझन सरना आते."

इथपर्यंत सगळं सिनेमातल्यासारखं. आता आमचा मूर्खपणा. मी सरळ त्याच्यासमोर उकिडवा बसलो, डोळ्यात डोळे घातले, "ये बाळा, ये" म्हणत डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि त्याने तो हात फोडला.

चूक शंभर टक्के माझी. ज्याला पळून जायला जागा नाही, ज्याच्या गळ्याला जखम आहे, त्याच्या डोक्यावरून हात येतोय म्हणजे त्याच्या हिशेबाने काय येत असणार? कान मागे, शेपूट पोटाखाली, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, हे सगळं तो मला आधी सांगत होता. ही 'लांब राहा'ची भाषा आहे. मला ती वाचताच येत नव्हती.

आप्पा धावत मूठभर तिखट घेऊन आले. आपल्याकडे हा इलाज अजून चालतो, कुत्रा चावला की जखमेत मिरची भरा. नंदुरबारात तर मिरचीला तोटा नाही! माझा रूममेट फार्मसीला आहे, त्याने मला ओढत नळाखाली नेलं आणि मोबाइलवर टायमर लावून पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावला. तिखट, चुना, हळद, काही नाही. फक्त साबण आणि वाहतं पाणी, आणि तिथून थेट सरकारी दवाखाना. रक्त आलेली जखम असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि आजूबाजूला सीरमही देतात. मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. मी चारही डोस घेतले. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत दिसतोय म्हणून थांबून बघू, असा विचार करायचा नसतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्र्यावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पाठ करावं. प्रेमाने रेबीज जात नाही.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखं वागलो. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, फिरत्या दवाखान्यासाठी. मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी लोक तो लावतात, त्यामुळे "पेशंट कोण?" या प्रश्नाला "कुत्रा" म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता होती. पण संध्याकाळी, एक अडलेली म्हैस सोडवून, एक डॉक्टर आले. लांबूनच भुलीचं इंजेक्शन दिलं. तो आडवा झाल्यावर कात्रीने केस कापले, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा तार दिसली. साधी बाइंडिंगची तार, कामावर सळया बांधायला वापरतात ती. मांसात बोटभर रुतलेली. वास असा की फार्मसीवाला बाजूला जाऊन ओकून आला. जखमेत अळ्या होत्या.

डॉक्टर पक्कड मागत म्हणाले, "पिल्लू असताना बांधली असणार. कुत्रं वाढलं, तार नाही वाढली."

दातांवरून वय दीडेक वर्ष निघालं. म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य त्याने त्या चार फुटांत काढलं होतं. बाकी आयुष्यात काय झालं ते त्याने नंतर हळूहळू सांगितलं. मिरची पालटायचा दाताळा किंवा साधा खराटा कुणी उचलला की तो जमिनीला चिकटायचा आणि तिथेच मुतायचा.

आता हे मांडायला हवं, की ही नुसती 'निष्काळजी' नाही, गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्याच्या कलम ११मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं स्पष्ट शब्दांत लिहिलंय. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने नीट फिरवायला न नेणं, हाही त्यात वेगळा गुन्हा आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दोन प्लेट पाणीपुरी! १९६० साली पन्नास रुपये मोठे असतील. रक्कम तिथेच राहिली. जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा कायमचं अधू केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही तक्रार केली नाही. कुणाविरुद्ध करणार, हा प्रश्न होता हे खरं. पण कॉलेज, परीक्षा, पोलीस स्टेशनला कोण जाणार, हेही तितकंच खरं. त्याचा मला अजून अभिमान नाही.

त्याला न्यायचं कुठे? मुंबई-पुण्यात निदान फोन करायला संस्था आहेत. आम्हाला हाकेच्या अंतरावर कुणी सापडलं नाही. आम्ही तिघं एका जुन्या वाड्यात भाड्याने राहतो, आक्का वाड्याच्या मालकीण. आक्कांनी दारातच अडवलं. "दहा दिवस," त्या म्हणाल्या, "अकराव्या दिवशी तो तरी जाईल नाहीतर तुम्ही तरी." नावावरूनही भांडण झालं. एकाला मिरची ठेवायचं होतं (इतकं वाईट नाव की सांगायला नको), दुसऱ्याला रॉकी. आक्का "ए लाल्या, सरक" म्हणाल्या, आणि तेच राहिलं.

अंगणाला भिंत होती, फाटक होतं, म्हणून बांधायची गरज नव्हती, आणि गळ्याला काही लावणं तर शक्यच नव्हतं. पट्ट्या, मलम, गोळ्या. लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरलं. भूल उतरली, तो उठला, आणि चालायला लागला. चार पावलं गेला, वळला. परत चार पावलं. सकाळी बघतो तर लिंबाखाली मातीत तसाच गोल उमटलेला. साखळी नाही, तार नाही, खुंटी नाही. पण तो चार फुटांच्या पुढे जाईना. पाण्याचं भांडं पाच फुटांवर ठेवलं तर तहानलेला बसून राहायचा.

सायकॉलॉजीवाल्यांना इथे एक नाव आठवेल. १९६७मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी न टळणारे विजेचे झटके दिले होते, त्यांना नंतर नुसती उडी मारून सुटता येईल अशा पेटीत ठेवलं; त्यातले बरेच उडी मारायचा प्रयत्नही न करता कण्हत पडून राहिले. 'लर्न्ड हेल्पलेसनेस' म्हणजे शिकलेली हतबलता म्हणून आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो ते हेच. पुस्तकात बऱ्याचदा पुढचा भाग नसतो. त्याच मंडळींनी ही कुत्री बरी कशी होतील तेही बघितलं. उपदेश, आमिष चाललं नाही. कुत्र्याला दोरीने ओढून, पुन्हा पुन्हा, पलीकडे न्यावं लागलं. काही खेपांनंतर ती आपली आपण जायला लागली. म्हणजे सुटका होते हे त्यांच्या पायांना कळावं लागलं.

(ज्या कुत्र्यांमुळे हे ज्ञान मिळालं त्यांच्यावर काय बेतलं असेल, हा विचार पाच मार्कांच्या उत्तरात लिहायची सोय नसते.)

लाल्याच्या गळ्याला दोरी लावणं अशक्य होतं. तोडगा काढला आक्कांनी, आणि त्यांनी सेलिगमन वाचला नव्हता. भाकरीचा तुकडा बरोबर गोलाच्या रेषेवर ठेवायचा. तो घेतला की दुसरा चार बोटं पुढे. त्या दिवशी बस्स. उद्या आणखी चार बोटं. माझ्या मते मटणाचा तुकडा ठेवला असता तर लवकर झालं असतं, पण आक्का माळकरी. "नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले," त्या म्हणाल्या, "मी आपली शिळी भाकर घेऊन बसते. मला धावणं होत नाही." पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचायला त्याला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी काय ठरलं होतं, ते कुणीच काढलं नाही.

दरम्यान आम्ही चुकायचं सोडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आंघोळ घातली, तो दोन दिवस जेवला नाही. दूध दिलं, हगवण लागली. क्लासमधली आठ-दहा जणं एकदम बघायला आली, हातात फोन; तो भिंतीत शिरायला बघत होता आणि रीलवर लिहिलं होतं 'क्यूट'. नंतर नियम केला, एका वेळी एकच माणूस, तोही पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून बसणार, हाक मारणार नाही, हात लावणार नाही. सेमिस्टर जवळ होतीच, मी तिथे बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री मोठ्याने वाचायचो. गंमत म्हणजे हा खरोखरचा उपाय आहे. अमेरिकेत मिसुरीच्या एका शेल्टरमध्ये शाळकरी मुलं भेदरलेल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्याबाहेर बसून त्यांना गोष्टी वाचून दाखवतात. एकसुरी आवाज, कुणी काही मागत नाहीये, एवढंच हवं असतं. बेंझिन रिंग चालू असताना एकदा माझ्या पाठीला नाकाचा ओला स्पर्श झाला. मी हललो नाही. पान उलटायचीही हिंमत झाली नाही, तेच वाक्य चारदा वाचलं.

नेटवर तीन-तीन-तीनचा नियम सापडतो, तीन दिवसांत भीती कमी, तीन आठवड्यांत रुळतो, तीन महिन्यांत घरचा होतो. लाल्याने तो वाचला नसावा. एप्रिलअखेर लूत गेली, केस आले, रेबीजची लस झाली. खराट्याला मात्र तो तितकाच घाबरायचा. आम्ही खराटा लांब आडवा टाकून ठेवायचो आणि त्याच्या अलीकडे भाकर. दर दोन दिवसांनी जरा जवळ. आक्का अंगण फडक्याने पुसायच्या. गुडघे दुखत असताना.

आणि मग मे. घरोघरी वर्षाचं तिखट करायचे दिवस. आक्कांनी तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या, ठसका उठला, आम्ही खोकत बाहेर आलो. फाटक कुणीतरी अर्धवट उघडं ठेवलं होतं. लाल्या नव्हता.

दोन दिवस शोधलं. बसस्टँड, रेल्वे स्टेशनची मागची बाजू, मटण मार्केट, मोकळे प्लॉट. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश. तिसऱ्या दिवशी पहाटे रूममेटला सुचलं म्हणून पथारीवर गेलो. मोकळं मैदान. खुंटी तशीच होती. आणि तिच्याशेजारी, त्या जुन्या गोलाच्या आत, अंगाचं मुटकुळं करून तो पडला होता. कुणी बांधलेलं नव्हतं.

मला रडू आलं आणि रागही आला. इतकं करून हा इथेच यायचा? पावलोवची एक गोष्ट मी नंतर वाचली. तोच, घंटा आणि लाळवाला. सप्टेंबर १९२४मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि त्याच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यात अडकली. पाणी जवळजवळ छतापर्यंत. पिंजऱ्याची दारं खाली, त्यामुळे वाचवायला आलेल्यांना त्यांना आधी पाण्यात बुडवून बाहेर काढावं लागलं. कुत्री वाचली, पण काही जणांचं शिकलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा शिकवून एक कुत्रा जवळजवळ सावरला होता. तेव्हा खोलीच्या दाराखालून जराशी पाण्याची धार आत सोडली, फक्त धार, आणि तो पुन्हा कोसळला. लाल्याची धार म्हणजे तो ठसका होता. घाबरल्यावर प्राणी चांगल्या जागी जात नाही, ओळखीच्या जागी जातो. माणसांचंही बहुतेक तसंच असावं.

त्याला उचलून आणलं नाही. मी त्या गोलाबाहेर बसलो, पाठ करून. केमिस्ट्रीचं पुस्तक नव्हतं म्हणून मोबाइलवरचा बातम्यांचा मजकूर वाचला. ऊन चढायला लागलं तेव्हा उठलो आणि मागे न बघता चालायला लागलो. ही आयुष्यातली सगळ्यात अवघड तीनशे पावलं. रस्त्यावर आल्यावर मागे नखांचा आवाज आला.

आता ज्यांना हे वाचून 'मलापण आणायचाय' वाटतंय त्यांच्यासाठी जरा कडू. तुमचं कॉलेज तीन वर्षांचं, इंजिनीअरिंग असेल तर चार. देशी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षं जगतो. नंदुरबार, शहादा, नवापूरमधल्या बहुतेकांना शिकायला किंवा नोकरीला नाशिक-पुणे-सुरत गाठावं लागतं. तेव्हा तो कुठे असेल, याचं उत्तर आज नसेल तर आज आणू नका. भुकेल्याला खाऊ घाला, जखमीचे उपचार करा, त्याच्यासाठी घर शोधा. तेही कमी काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात, भटकी कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना पालिकेकडे अर्ज करायची मुभा दिली, पण त्याचबरोबर हेही बजावलं की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. आणि हौसेने हस्की आणून आपल्या मे महिन्यात गच्चीवर बांधणाऱ्यांना काय म्हणावं? तारेशिवायही छळ होतो.

दुसऱ्या टोकाला, 'असली मार खाल्लेली कुत्री कधी सुधारत नाहीत, संपवलेली बरी' म्हणणारेही भेटतात. २००७मध्ये अमेरिकेत मायकेल व्हिक या नामवंत फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजींसाठी ठेवलेली पन्नासेक पिटबुल कुत्री जप्त झाली. अशी कुत्री मारून टाकायची हाच तोवरचा रिवाज, आणि नावाजलेल्या प्राणिसंस्थाही तेच म्हणत होत्या. कोर्टाने मात्र एकेक कुत्रा वेगळा तपासायला लावला. फार आक्रमक म्हणून मारावी लागली फक्त एक. सगळ्यात अवघड बावीस कुत्री युटामधल्या एका मोठ्या आश्रयस्थानात गेली, बाकीची घराघरांत. बरीच जण आयुष्यभर भित्री राहिली, पण काही पुढे इस्पितळात पेशंटना भेटायला जाणारी थेरपी डॉग झाली. आपल्याकडे रतन टाटांचा 'गोवा' सगळ्यांना आठवत असेल, गोव्याहून त्यांच्यासोबत आलेलं रस्त्यावरचं कुत्रं, जे ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांच्या अंत्यदर्शनाला आणलं गेलं होतं. तो फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचं स्टेटस कुणी ठेवत नाही.

लाल्याला दोन वर्षं झाली. खराटा आता तो लांबून बघून निघून जातो, मुतत नाही. गळ्यात काही चालत नाही, म्हणून छातीला बांधायचा हार्नेस आहे, त्यालाही दीड महिना लागला. आक्का तिखट आता बहिणीच्या घरी करतात. पहिल्यांदा भुंकला तो गणपती विसर्जनानंतर महिन्याभराने, रात्री अडीचला, एका उंदरावर. वाड्यातले सगळे उठून बाहेर आले, आक्कांनी त्याला तूप लावून भाकर दिली.

मी पुण्यात आलोय. आधी ठरलं होतं की लाल्याला गावी आमच्या शेतावर नेऊन ठेवायचं, मळ्यात मोकळा राहील. विषय काढला तेव्हा आक्का काही बोलल्या नाहीत, फक्त दोन दिवस आमच्याशीही बोलल्या नाहीत. तो तिथेच आहे. परवा त्यांचा फोन आला. माझी चौकशी नाही, नोकरीची नाही. "एप्रिलात लाल्याचं इंजेक्शन आहे. तू येतोस की मी रिक्षावाल्याला सांगू?"